ट्रॅक्टरच्या बॅकहोने चर आणि खडीचा रस्ता: बकेट कोणती, ट्रॅक्टर उभा कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४५ एचपीचा ट्रॅक्टर, पुढे लोडर, मागे काढता-घालता येणारा बॅकहो (खोदणारा हायड्रॉलिक हात) आणि त्याला १२ इंची दातांची एकच बकेट. घरापर्यंत ३०० मीटरचा, साधारण ३ मीटर रुंदीचा खडीचा रस्ता. दोन्ही बाजूंचे चर गाळाने बुजलेत आणि रस्त्यात दरवर्षी त्याच त्या ठिकाणी खड्डे पडतात. तर रुंद बकेट करून घ्यावी का, बकेट तिरकी करणारा हायड्रॉलिक टिल्ट लागेल का, बॅकहोनेच रस्ताही सारखा करता येईल का, आणि जुन्या बकेटचं काय करायचं?

रस्त्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर बाकीचं ठरतं. रस्त्याचा वरचा थर बॅकहोने करायला जाऊ नका. बॅकहोचा हात बिजागरीवर फिरतो, म्हणून बकेटचं तोंड मुळात गोलाईत चालतं. बूम (ट्रॅक्टरकडचा मोठा दांडा), हात (त्याच्या पुढचा, बकेट धरणारा दांडा) आणि बकेट असे तिन्ही लिव्हर एकदम, थोडे थोडे चालवत गेलं की ती गोलाई सरळ होते. सराव झाला की दोन-अडीच मीटरचा पट्टा छान सपाट निघतोही. पण मग जॅक (खोदताना टेकवायचे बॅकहोचे दोन्ही बाजूंचे पाय) उचला, ट्रॅक्टर पुढे घ्या, जॅक टेका, पुन्हा पट्टा. ३०० मीटरला असे सव्वाशे-दीडशे थांबे होतात, आणि दर थांब्याला जॅकच्या पायांचे दोन नवे खड्डे रस्त्याला मिळतात.

मग माणूस आळस करतो आणि बकेट जमिनीला लावून झाडूसारखी आडवी फिरवतो. मीही केलंय. सुरुवातीच्या दिवसांत खडीचे ढीग असेच आडवे झाडून पसरायचो आणि फार हुशारी केल्यासारखं वाटायचं. एका हंगामात बूम जिथे डावी-उजवीकडे वळतो तिथलं बुश (पिन फिरते ती नळी) अंडाकृती झालं. बकेट जमिनीपासून वीतभर वर धरून हाताने हलवली तरी बूमच्या बुडाशी बोटभर हलत होतं. शेवटी तो भाग सोडवून वर्कशॉपमध्ये भोक पुन्हा बोअर करून घ्यावं लागलं. बूम वळवणारे सिलिंडर हवेतला भार फिरवण्यासाठी असतात. जमिनीत रुतलेली बकेट आडवी ढकलली की सगळा पीळ हाताच्या पिनांवर आणि त्या वळणाच्या खांबावर येतो. तेव्हा हे एक पथ्य पाळाच.

आता तुमचे खड्डे. ते दरवर्षी त्याच ठिकाणी पडतात याचा अर्थ तिथे पाणी थांबतं. वरून कितीही खडी ओतली तरी खालचा थर भिजून मऊ होतो, चाक त्याला दाबतं आणि खडी खाली जाते. पाणी का थांबतं हे बघायला जोराचा पाऊस चालू असताना रस्त्यावरून एकदा चालत जा. बहुतेक वेळा चर बुजलेला असतो हे खरंच, पण त्याच्याही आधीची चूक रस्त्याच्या कडेलाच दिसते. चाकांनी बाहेर फेकलेली खडी, तिच्यात साठलेली माती आणि त्यावर उगवलेलं गवत यांचा हातभर रुंद, चार-सहा बोटं उंच बांध रस्त्याच्या दोन्ही कडांना तयार झालेला असतो. चर भले दोन फूट खोल असो, पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ते या बांधाच्या आतून, चाकोरीतून, रस्त्याच्याच लांबीने वाहत सुटतं आणि सखल जागा सापडली की तिथे बसतं. चर उकरण्यात दोन दिवस घालवून हा बांध तसाच ठेवलेले रस्ते मी बरेच पाहिलेत. तुमच्या कामाची सुरुवात इथून करा. लोडरच्या बकेटने किंवा मागच्या पात्याने कडेचा बांध पूर्ण काढा. जिथे झुडपांची मुळं आहेत तिथेच बॅकहो वापरा.

बकेटबद्दल. हो, रुंद बकेट घ्या किंवा करून घ्या. १२ इंची दातांच्या बकेटने चर साफ केला की तळाला दातांच्या रेघा पडतात, दोन ओढींच्या मध्ये वरंबा राहतो, आणि त्या प्रत्येक वरंब्यामागे गाळ अडकून पुढच्या पावसाळ्यात चर पुन्हा भरतो. चराच्या बकेटला दात नसतात, तोंड सरळ धारेचं असतं आणि पोट उथळ असतं.

किती रुंद? तुमच्या मशीनला ३० इंच पुरे, फार तर ३६. माझी पहिली बकेट मी हौसेने चार फुटी केली होती. तिचं पोट साधारण १४५ लिटरचं भरलं. ओला गाळ घनमीटरला १,८०० किलोच्या आसपास जातो, म्हणजे एका भरीत २६० किलो, वर बकेटचं स्वतःचं वजन सव्वाशेच्या पुढे. १२ इंची बकेट काठोकाठ भरली तरी आतला माल सत्तर किलोच्या आतबाहेर असतो. हात पूर्ण लांबवून ही भरलेली चार फुटी बकेट मी उताराच्या बाजूला वळवली आणि पलीकडचा जॅक जमिनीवरून अलगद सुटला. लिव्हर सोडायचा नाही, झटका द्यायचा नाही, बकेट हळूच खाली टेकवायची, एवढं त्या क्षणी सुचलं म्हणून निभावलं. ती बकेट पुढे कापून ३२ इंचाची केली.

दुसरा हिशोब जोराचा आहे. बकेटच्या धारेला मिळणारा एकूण जोर तेवढाच राहतो, रुंदी वाढली की तो वाटला जातो. समजा मशीनचा जोर १,२०० किलो आहे. १२ इंची, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या बकेटला धारेच्या दर सेंटिमीटरला ४० किलो मिळतात, ९० सेंटिमीटरच्या बकेटला जेमतेम १३. म्हणून रुंद बकेट गाळ, मऊ माती, गवताचा थर सहज उचलते, पण घट्ट मुरूम किंवा मुळं आली की वरून घसरत जाते. घट्ट जागी आधी दातांच्या बकेटने फोडून घ्यायचं आणि मग रुंद बकेटने साफ करायचं, हाच क्रम. रिलीफ व्हॉल्व्हचा (तेलाचा दाब ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा) स्क्रू आवळून जोर वाढवायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. ऐकू नका. होज, सिलिंडरची सीलं आणि बूमची वेल्डिंग मूळ दाबाच्या हिशोबाने केलेली असतात.

बकेट करून घेताना तीन मापं लागतात: पिनेचा व्यास, हाताच्या टोकाची रुंदी म्हणजे बकेटच्या दोन कानांमधलं अंतर, आणि दोन पिनांमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. तिसऱ्या मापात लोक हमखास गडबड करतात. हे अंतर मूळ बकेटपेक्षा वाढलं तर जोर वाढतो पण बकेट कमी वळते, कमी झालं तर उलट. पट्टीने मोजत बसण्यापेक्षा जुनी बकेट काढा, तिचा कान प्लायवुडच्या तुकड्यावर ठेवून भोकांसकट रेखून घ्या आणि तो साचाच वेल्डरच्या हातात द्या. कान टाके मारून जोडल्यावर, पक्की वेल्डिंग करण्याआधी, बकेट मशीनवर चढवून पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर वळवून बघा. पाठ हाताला घासत असेल तर तेव्हाच कळतं.

धारेसाठी साध्या प्लेटवर १२ ते १६ मिलिमीटरची कठीण पोलादाची पट्टी बोल्टने बसवा, वेल्डिंगने नको. चपट्या डोक्याचे, पट्टीत बुडणारे बोल्ट वापरले तर पट्टी एका बाजूने झिजल्यावर उलटी करून लावता येते. जुनीच बकेट कापून रुंद करणार असाल तर तिची मूळ धार कठीण असते. ती आधी गरम करून घेतल्याशिवाय आणि कोरड्या ठेवलेल्या ७०१८ (कमी हायड्रोजनच्या) वेल्डिंग रॉडशिवाय जोडली तर जोडाशेजारी चीर जाते. वेल्डिंग बकेट सोडवून जमिनीवर ठेवूनच करा. मशीनवर असताना केली आणि अर्थिंगचा चिमटा भलत्याच ठिकाणी लावला, तर करंट पिना-बुशांतून वाट काढतो आणि सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर टिपके पडतात. त्या टिपक्यांनी मग सीलं कापली जातात.

आणि तळाला भोकं पाडा. अंगठा जाईल एवढी, आठ-दहा, मागच्या गोलाईवर. चरातला गाळ पाण्यासकट येतो. भोकं असली की उचलताना पाणी खाली गळून जातं आणि तुम्ही पाणी वाहत बसत नाही. त्याहून मोठा फायदा रिकामी करताना. चिकण गाळ बकेटच्या पोटाला असा चिकटतो की ती पालथी करून दोन-चार झटके दिले तरी सुटत नाही, कारण मागे हवा शिरायला जागा नसते. भोकं पाडल्यावर तोच गोळा ‘पचक’ करून एका दमात पडतो. झटके वाचले म्हणजे पिना वाचल्या.

आता टिल्ट. लागेलच असं नाही. पण त्यासाठी ट्रॅक्टर कुठे आणि कसा उभा करायचा हे समजून घ्यावं लागेल, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

पहिली पद्धत, चर दोन्ही चाकांच्या मध्ये घेऊन. चर उथळ आणि वरून साधारण मीटरभर रुंद असेल, दोन्ही काठ घट्ट असतील, तर ट्रॅक्टरची एका बाजूची चाकं रस्त्याच्या कडेला आणि दुसरीकडची पलीकडच्या काठावर. ट्रॅक्टरचं तोंड चढाकडे ठेवायचं, मागे खोदायचं आणि पुढे सरकत जायचं. ओढ चराच्या लांबीतच येते, म्हणून तळ सरळ निघतो. अडचण बाजूंची. बकेट सरळ धारेची असल्याने चर पेटीसारखा चौकोनी निघतो आणि चौकोनी चराच्या भिंती पहिल्याच पावसात ढासळतात. मातीच्या चराला बाजू निदान दोनास एक हवी, म्हणजे एक फूट खोलीला दोन फूट आडवा पसारा. तळ ३० सेंटिमीटर आणि खोली ३० सेंटिमीटर धरली तर वरची रुंदी दीड मीटर होते. इतका चर चाकांच्या मध्ये मावत नाही, आणि एका ओढीत हा आकार काढणारी निमुळत्या बाजूंची बकेट तुमच्या मशीनला झेपणार नाही.

काही जण एक जॅक जास्त खाली दाबून अख्खा ट्रॅक्टर कलता करतात, म्हणजे बकेटही कलते. युक्ती चांगली आहे, पण तिची मर्यादा ओळखा. दोन जॅकच्या पायांत दोन मीटर अंतर असेल आणि एक बाजू २० सेंटिमीटर उचलली, तर कल जेमतेम सहा अंशांचा मिळतो. दोनास एकच्या बाजूला साडेसव्वीस अंश हवेत. म्हणजे ही युक्ती चराचा तळ पाणसळीत आणायला उपयोगी, बाजू कापायला नाही. सहा अंशांच्या पुढे जाण्याचा मोह नको, भरलेली बकेट वळवली की गुरुत्वमध्य बाहेर जातो.

दुसरी पद्धत, चराला काटकोनात ओढ. मी जास्त करून हीच वापरतो. बकेटची रुंदी चराच्या लांबीत येते आणि चराचा आडवा आकार तुम्ही बूम आणि हाताने हवेत रेखल्यासारखा काढता. पलीकडच्या काठावर धार ठेवा, हात आत घेत उताराने खाली या, तळाशी क्षणभर सपाट ओढा, मग बूम उचलत उचलत रस्त्याच्या बाजूच्या उतारावरून वर या. बकेट आपोआप भरते आणि एका ओढीत तिन्ही बाजू निघतात. दोनास एक काय, तीनास एक उतारही याच हालचालीत येतो. टिल्टची गरज फक्त चराच्या लांबीतल्या ढाळापुरती उरते, आणि तो एक-दोन टक्क्यांचाच असतो. तेवढ्याला जॅकची युक्ती बास. ७५ सेंटिमीटरची बकेट असेल तर दर वेळी साठ-पासष्ट सरकायचं, म्हणजे ओढी एकमेकींवर चढतात आणि मध्ये वरंबा राहत नाही.

अडचण जागेची. बॅकहो लावलेला ट्रॅक्टर रस्त्याला पूर्ण आडवा उभा केला तर तीन मीटरच्या रस्त्यात लोडर पलीकडच्या चरात जाईल. आणि ट्रॅक्टर रस्त्याला समांतर ठेवून बूम पूर्ण ९० अंश वळवला तर वळवणारे सिलिंडर टोकाला पोचतात. तिथे त्यांची पकड कमी असते आणि सगळा भार एकाच जॅकवर येतो. म्हणून ट्रॅक्टर तिरका लावा: रस्त्याशी तीस-चाळीस अंश, उरलेले पन्नास-साठ अंश बूमने. दोन्हींची बेरीज काटकोन झाली की ओढ चराला आडवी पडते. दोन-चार थांब्यांनंतर हा कोन डोळ्यांत बसतो. जॅकचा पाय चराच्या काठापासून निदान चराच्या खोलीइतका दूर ठेवा, चिकणमाती ओली असेल तर त्याहून जास्त. जॅकच्या पायाखालून कधीही खोदू नका. ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण ओढता ओढता बकेट जवळ येत राहते आणि शेवटच्या ओढीत हेच होतं.

एवढं करूनही वर्षातून कित्येक दिवस चरांचंच काम असेल तर टिल्ट बकेट चैन नाही, सोय आहे. तिला जादा व्हॉल्व्ह किंवा बकेटच्या लाइनवर बटणाने वळणारा डायव्हर्टर लागतो, दोन होज हाताच्या टोकापर्यंत न्याव्या लागतात आणि बकेटचं वजन बरंच वाढतं. ३०० मीटरसाठी मी घेणार नाही.

खोली आणि ढाळ. चर कायम खालच्या टोकापासून सुरू करा. पाणी शेवटी जिथे मोकळं सुटणार ती जागा आधी उघडायची आणि तिथून वर यायचं. वरून सुरू केलं की खोदलेल्या प्रत्येक तुकड्यात पाणी तुंबतं, तळ दिसत नाही आणि अंदाजाने जास्त खोल जाता. ढाळ निदान एक टक्का हवा, म्हणजे दर पाच मीटरला पाच सेंटिमीटर. डोळ्यांनी हे कळत नाही. चढाचा भास होणाऱ्या जागी उतार निघतो, त्यात भल्याभल्यांची फसगत होते. पारदर्शक लेव्हल नळीत पाणी भरून दर पाच मीटरला खुंटी ठोका, खुंट्यांना ढाळात दोरी ताणा आणि दोरीपासून तळापर्यंत एकाच मापाची काठी ठेवून बघत चला. अर्ध्या दिवसाचं काम, पण उरलेले दिवस सुखाचे जातात. चराचा तळ रस्त्याच्या कडेपेक्षा निदान ३० सेंटिमीटर खाली असू द्या, म्हणजे रस्त्याच्या पोटातलं पाणीही झिरपून बाहेर येतं. तळ सपाट किंवा किंचित गोलसर ठेवा. टोकदार व्ही आकारात सगळं पाणी एकाच रेषेवर धावतं आणि तळ कोरत नेतं. ढाळ पाच टक्क्यांच्या पुढे असेल तिथे नुसती माती टिकत नाही, तळाला हातात मावणार नाहीत असे दगड बसवा.

३०० मीटर पाणी एकाच चरातून शेवटपर्यंत न्यायची गरज नसते. जमीन जिथे बाजूला उतरते तिथे चराला फांद्या काढून पाणी मध्येच सोडून द्या, फक्त ते शेजाऱ्याच्या हद्दीत जाणार नाही असं बघा. आणि बाजूंवरचं गवत ठेवा. नव्या बकेटच्या उत्साहात लोक चर न्हाव्याने केल्यासारखा गुळगुळीत करतात. जिथे बाजूचा उतार शाबूत आहे तिथे तळातला गाळ तेवढा काढायचा, मुळांनी धरलेली माती सोडायची नाही.

काढलेला गाळ काठावर टाकू नका, पहिल्या पावसात तो परत चरात. रस्त्यावर तर अजिबात नको. त्यात खडी दिसते म्हणून मोह होतो, पण सोबत कुजलेली पानं आणि बारीक माती असते, तिचा चिखल होतो. सखल बाजूला लांब पसरा किंवा ट्रॉलीत भरून न्या.

बॅकहो ट्रॅक्टरला कसा जोडलाय हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो नुसता थ्री पॉइंटवर, म्हणजे अवजारं जोडायच्या मागच्या तीन दांड्यांवर असेल तर आधी त्याचा विचार करा. तशा जोडणीत खोदताना येणारा पीळ ट्रॅक्टरच्या मागच्या कास्टिंगवर येतो, आणि टॉप लिंक (त्यातली वरची दांडी) किंवा तिची पिन सुटली तर बॅकहो वर उचलला जाऊन चालवणारा माणूस त्याच्या आणि ट्रॅक्टरच्या मध्ये सापडू शकतो. पुढच्या भागापर्यंत जाणारी सबफ्रेम असेल तर भार अख्ख्या ट्रॅक्टरवर वाटला जातो. माझं मत स्पष्ट आहे: या कामाला सबफ्रेमच. तिचे बोल्ट दर वेळी पान्याने तपासा, नुसते बघून नाही.

काम करताना लोडरची बकेट सपाट खाली टेकवा, जॅकने मागच्या टायरवरचा भार काढा, पण उतारावर टायर टेकलेलेच राहू द्या, ब्रेक त्यांनाच असतो. भरलेली बकेट शक्यतो चढाच्या बाजूला वळवून रिकामी करा. जॅकच्या पायांखाली जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे किंवा जाड फळ्या टाका, रस्ता फाटत नाही. घराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाण्याची पाइप किंवा केबल पुरलेली असतेच असं धरून चाला, जागा नक्की करा आणि तिच्या आसपास फावड्यानेच उकरा. वर तारा असतील तर बूम पूर्ण उचलल्यावर किती वर जातो ते लांब उभं राहून आधीच बघून ठेवा. होजमधून तेलाची बारीक फवार दिसली तर बोट लावून शोधू नका, ती कातडीतून आत शिरते. पुठ्ठा धरून बघा. पिनांना दर आठ-दहा तासांनी ग्रीस द्या, चिखलात काम असेल तर दिवस संपल्यावर पुन्हा.

चर आणि कडा झाल्या की बॅकहो उतरवून ठेवा आणि थ्री पॉइंटवर बॉक्स ब्लेड (उखडायचे फाळ असलेलं, पेटीच्या आकाराचं पातं) लावा. एकेका तुकड्यात दोन्ही कामं करायला जाऊ नका, जोड-सोड करण्यातच दिवस जातो. खड्डे भरायचे नाहीत, कापायचे. बॉक्स ब्लेडचे फाळ सगळ्यात खोल खड्ड्याच्या तळाच्या थोडं खाली जातील असे सोडा आणि तेवढा सगळा थर उखडा. न उखडता भरलेला खड्डा म्हणजे घट्ट वाटीत सैल खडी, महिन्याभरात ती पुन्हा बाहेर. हे वाफशावर करा. मूठभर खडी-माती दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. कोरड्यात नुसती धूळ उडते आणि बारीक माल वाऱ्यावर जातो.

मग मध्य उंच ठेवून दोन्हीकडे चार टक्के उतार. ३ मीटरच्या रस्त्यात मध्य कडेपेक्षा ६ सेंटिमीटर वर येतो. ट्रॅक्टरची एका बाजूची लिंक थोडी लांब करून ब्लेड कलतं करा आणि माल कडेकडून मध्याकडे ओढत आणा. नवी खडी टाकायचीच तर २० मिलिमीटर आणि त्याखालची, बारीक चुरीसकट, फोडलेली, कोनदार. नदीतले गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली गोट्या खेळल्यासारखे पळतात. रोलर नसेल तर भरलेली ट्रॉली घेऊन दर फेरीला चाकाचा माग बदलत चला.

एवढं करूनही एखादी जागा चाकाखाली स्पंजासारखी दबत राहील. ते काम बॅकहोचंच. तिथे ३० ते ४५ सेंटिमीटर खोदून चिखल पूर्ण काढा, चराकडे पाण्याला वाट ठेवा, तळाला जिओटेक्स्टाइल अंथरा, त्यावर ४० ते ७५ मिलिमीटरचे दगड आणि वर २० ची खडी. कापड टाकलं नाही तर वरचे दगड हळूहळू खालच्या चिखलात मिसळतात आणि दोन वर्षांनी तुम्ही तिथेच उभे असता.

जुनी १२ इंची बकेट विकू नका. फाटकाजवळ किंवा सखल जागी रस्त्याखालून मोरी टाकावी लागेलच, आणि दाबून घट्ट झालेल्या रस्त्यात रुंद बकेट शिरत नाही. ३० सेंटिमीटरची पाइप असेल तर तिच्या दोन्ही अंगांना ठोकणी चालवायला ३०-३० सेंटिमीटर मोकळे सोडा, म्हणजे याच बकेटच्या शेजारी शेजारी तीन ओढी. पाइपला एक-दोन टक्के ढाळ, वर निदान ३० सेंटिमीटर भर, आणि भरताना १५ सेंटिमीटरचा एकेक थर दोन्ही बाजूंनी सारखा ठोकत या. एकाच बाजूने भरलात तर पाइप सरकते आणि तोंड चराच्या रेषेबाहेर जातं.